रफार, पर्ल आणि आमचे जुने अंक

मंडळाच्या मागच्या बैठकीत ठरलं की जुने वार्षिक अंक ई-अंकाच्या जोडीला ठेवायचे. कपाटातून सीडी निघाल्या, सीडींवर फाइली निघाल्या आणि पहिली फाइल उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ. एक शब्द धड नाही. कोणीतरी म्हणालं, व्हायरस आहे. मी सेकंड इयर कॉम्प्युटरची, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मलाही व्हायरसच वाटला होता.

व्हायरस नव्हता. ती मराठीच होती, कृतिदेवमधली. कृतिदेव हा फाँट म्हणजे एक मुखवटा आहे. फाइलमध्ये साठवलेलं असतं रोमन अक्षर, आणि फाँट त्याच्या जागी देवनागरीचं चित्र दाखवतो. ‘मराठी’ हा शब्द त्या फाइलमध्ये ई, जे, के, मोठा बी, एच असा पडलेला असतो. जुन्या रेमिंग्टन टाइपरायटरच्या कळांची ही मांडणी; भोपाळमध्ये हिंदी टायपिंग शिकलेल्या माणसाची बोटं आजही तशीच चालतात. ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथे सगळं छान दिसतं. फोनवर उघडलं की भेळ. शोध घ्यायचा म्हटलं तर ‘आजी’ असं टंकून काहीच सापडत नाही, कारण फाइलमध्ये ‘आजी’ नाहीच. युनिकोडचं उलट असतं. तिथे म हा म असतो, त्याला स्वतःचा क्रमांक असतो, फाँट कुठलाही लावा.

(जाता जाता. मराठी रोमन अक्षरांत बसवण्याची वेळ काही पहिल्यांदा आलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल इथे छापलं गेलं, ते मराठी होतं पण छापलं रोमन लिपीत. छापखान्याकडे जे खिळे होते त्यांत काम भागवलं. आमच्या अंकाचं टायपिंग ज्या दुकानात झालं तिथेही तेच झालं म्हणायचं.)

आता हे नऊ अंक पुन्हा हाताने टंकायचे का? इंटरनेटवर फाँट बदलून देणारी पानं आहेत, आम्ही वापरून पाहिली. हिंदी मजकूर बराच नीट येतो. मराठी येतो, पण जिथे मराठी हिंदीपासून वेगळी होते नेमकं तिथे अडखळतो. शिवाय माझा यात थोडा स्वार्थ होता. २००६च्या अंकात माझ्या आजीचा लेख आहे. आजी आता नाही. तिचं छापलेलं एवढं एकच.

आमच्या नेहरू नगरमध्ये, घरापासून चार गल्ल्यांवर एक काका राहतात. बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेत. १९५६ला राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा त्यांचे वडील कचेरीबरोबर इकडे आले, आणि तेव्हापासून हे घर मराठीच बोलतं, फक्त रागावलं की हिंदीत. शनिवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्या गच्चीवर जमायला लागलो: मी, फर्स्ट इयरची एक मुलगी जिने आयुष्यात एकदाही प्रोग्राम लिहिला नव्हता, आणि फायनल इयरचा एक दादा. दादा पायथनवाला. काका पर्लवाले. समोर वन प्रबंधन संस्थेची टेकडी, हातात चहा, आणि पहिला शनिवार अख्खा भांडणात गेला.

दादाचं म्हणणं साधं होतं. “काका, पर्ल आता कोण लिहितं? कंपन्या पायथन मागतात. सीबीएसईची पोरं अकरावी-बारावीतच पायथन शिकून येतात. आम्ही पुढच्या वर्षी पास होऊन जाणार, मग हा प्रोग्राम सांभाळणार कोण?”

काका म्हणाले, “मेली म्हणतोस ना पर्ल? तुझा लॅपटॉप लिनक्सवर आहे. टर्मिनल उघड आणि विचार तिला.” दादाने आज्ञा दिली. पर्ल होती. त्याने कधी घातली नव्हती, तरी होती.

“असणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं,” दादा म्हणाला. “पर्लचा कोड म्हणजे कीबोर्डवर मांजर चाललं.”

“मांजर शिस्तीत चालवायचं की नाही हे लिहिणाऱ्यावर आहे.”

यात दोघांचंही खरं आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. लॅरी वॉल यांनी पर्ल डिसेंबर १९८७मध्ये लोकांसमोर ठेवली, गिडो व्हॅन रॉसम यांची पायथन १९९१मध्ये आली. दोघींच्या घरच्या चालीरीतीच वेगळ्या. पर्लच्या घरात मानतात की एक गोष्ट करायच्या अनेक वाटा असाव्यात, ज्याला जी रुचेल ती त्याने घ्यावी. पायथनच्या घरात मानतात की उघड दिसणारी वाट शक्यतो एकच असावी, म्हणजे दुसऱ्याचा कोड वाचताना चकवा लागत नाही. दहा जणांनी मिळून दहा वर्षं काम करायचं असेल तर मी स्वतः दुसऱ्या घरात राहीन. पण आमच्यापुढे होता मजकूर, नुसता मजकूर, आणि पर्ल जन्मालाच मजकुरासाठी आली. लॅरी वॉल यांना मोठमोठ्या फाइलींतून माहिती चाळून अहवाल काढायचे होते, तेव्हाची साधनं अपुरी पडली म्हणून त्यांनी ही भाषा केली.

मला मात्र वेगळीच गोष्ट भावली. हा माणूस भाषाशास्त्राचा विद्यार्थी. तो आणि त्याची पत्नी, दोघांनी भाषाशास्त्र शिकलं ते अशा बेताने की लिपी नसलेली एखादी भाषा शोधायची, तिला लिपी द्यायची आणि मग बायबल आणि इतर ग्रंथ त्या भाषेत आणायचे. प्रकृतीच्या कारणाने तो बेत राहिला. नाव ठेवताना त्यांच्या मनात मत्तयच्या तेराव्या अध्यायातला मोती होता, ज्याच्यासाठी व्यापारी आपलं सगळं विकतो. मोत्याच्या इंग्रजी स्पेलिंगचं नाव दुसऱ्या एका भाषेने आधीच घेतलं होतं, म्हणून त्यातला ए गळाला. आपल्या कॉलेजात ही गोष्ट सांगायला लागू नये, पण मी विचारलं तेव्हा संगणक विभागात कोणालाच माहीत नव्हती.

शेवटी भाषा ठरली ती वादाने नाही. दादाच्या कॅम्पस मुलाखती सुरू होत्या, त्याला शनिवारखेरीज वेळ नव्हता. काका रोज संध्याकाळी मोकळे. शिकवायला जो बसणार त्याची भाषा, असं फर्स्ट इयरच्या मुलीनेच जाहीर केलं आणि विषय संपला.

आता धडा. अंकात देवनागरीच वापरायची असा मंडळाचा नियम आहे, म्हणून आज्ञा मी उच्चाराप्रमाणे लिहिते. संगणकावर प्रिंट, माय, सॉर्ट या आज्ञा रोमन अक्षरांतच टंकायच्या. पण तुम्ही ठेवलेली नावं देवनागरीत चालतात, ही गंमत आहे. प्रोग्रामच्या सुरुवातीला ‘यूज यूटीएफ-एट’ अशी ओळ घातली की $शब्द, @ओळी, %कोश ही नावं पर्ल निमूट घेते.

ती चिन्हं बघून घाबरू नका. व्याकरणाच्या तासाला वचन शिकलोय ना, तेच आहे. $ म्हणजे एकवचन: एक शब्द, एक आकडा, एक ओळ. @ म्हणजे अनेकवचन: रांगेत उभ्या असलेल्या ओळी. % म्हणजे कोश: डावीकडे शब्द, उजवीकडे त्याचा अर्थ. आता @ओळी मधली फक्त पहिली ओळ हवी असेल तर ती एकच आहे, म्हणून तिथे पुन्हा $ लागतो. नवी मुलं इथे हमखास चुकतात. आमची फर्स्ट इयरची मात्र चुकली नाही. ती म्हणाली, “मुलं आली, पण त्यातला एक मुलगा आला. क्रियापद बदलतंच की.” काकांनी तिला बिस्किटाचा पुडाच दिला.

पहिल्यांदा नाव वापरताना त्याच्या आधी ‘माय’ लिहायचं, म्हणजे हे माझं, या घरातलं. ‘यूज स्ट्रिक्ट’ असं वर लिहून ठेवलं की माय विसरल्यावर पर्ल ओरडते. ओरडू द्या. ही ओळ आणि ‘यूज वॉर्निंग्ज’ या दोन ओळी न घालता पर्ल लिहिणं म्हणजे हेल्मेट न घालता भदभदा रोडने जाणं.

आणखी एक गोष्ट मला अगदी आपल्या बोलण्यासारखी वाटली. पर्लमध्ये अट नंतरही सांगता येते. आधी ‘हे छाप’, मग ‘ओळ रिकामी नसेल तर’. आपण नाही का म्हणत, “येते मी, पाऊस नसला तर.” आणि @ओळी या एकाच नावाला तुम्ही कसं विचारता यावर उत्तर बदलतं. एकवचनी नावात घालायला गेलं तर पर्ल समजते की हा ‘किती?’ विचारतोय, आणि आकडा देते. अनेकवचनी नावात घातलं तर ‘कोणकोणत्या?’ असं समजून सगळ्या ओळी देते. दादा म्हणाला की असल्या गर्भित अर्थांमुळेच पर्लच्या चुका सापडत नाहीत. काकांनी यावर वाद घातला नाही. नुसता चहा प्यायले.

आमचा पहिला प्रोग्राम दोन ओळींचा:

माय $नाव = "क्षमा";
प्रिंट $नाव;

चालवला. ‘क्षमा’ छापलं गेलं, आणि वर एक तक्रार: ‘वाइड कॅरेक्टर इन प्रिंट’. देवनागरीत पर्ल शिकणाऱ्या प्रत्येकाला ही तक्रार पहिल्या दिवशी भेटते. अर्थ एवढाच की बाहेर जाणाऱ्या वाटेवरून कुठल्या सांकेतिकेत मजकूर पाठवायचा हे तुम्ही सांगितलं नाही. बिनमोड ही आज्ञा देऊन छापायच्या वाटेला यूटीएफ-एट लावलं की तक्रार जाते. फाइल उघडतानाही तेच सांगावं लागतं. पायथन ३मध्ये, म्हणजे २००८पासून, मजकूर हा मुळातच युनिकोड धरला जातो, त्यामुळे दादाला यातलं निम्मं करावं लागत नाही. हा गुण त्याचा.

मग काकांनी विचारलं, “क्षमामध्ये अक्षरं किती?” आम्ही दोघी एकदम म्हणालो, दोन. पर्लला लेंग्थ विचारली. पाच. ‘यूज यूटीएफ-एट’ काढून पुन्हा विचारली. पंधरा!

पंधरा कारण त्या ओळीशिवाय पर्ल बाइट मोजते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पाच कारण युनिकोडच्या हिशेबात क्षमा म्हणजे क, हलन्त, ष, म, काना. दोन हे फक्त आपल्या डोक्यात. दिसणारं अक्षर पकडायला पर्लच्या पॅटर्नमध्ये उलट्या तिरप्या रेषेनंतर मोठा एक्स असं चिन्ह आहे. ते लावलं तर आमच्या संगणकावरच्या जुन्या पर्लने तीन सांगितले: क्, ष, मा. हलन्तावर तोडलं तिने. जोडाक्षर तोडू नये असा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ साली आला. तोवर जगभरच्या संगणकांच्या लेखी क्ष हे एक अक्षर नव्हतं. ‘अक्षर म्हणजे काय’ हा प्रश्न मराठीच्या तासाला आम्ही कंटाळून ऐकतो. इथे त्याची तीन उत्तरं पडद्यावर उभी राहिली आणि तिन्ही आपापल्या जागी बरोबर.

एवढं झाल्यावर कृतिदेव. काकांनी सांगितलं, एक %कोश कर. डावीकडे कृतिदेवचं रोमन अक्षर, उजवीकडे देवनागरी. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना. मी एका संध्याकाळी कोश भरला, ओळीओळीवरून फिरवला, आणि बाहेर आलं ते मराठीसारखं दिसणारं काहीतरी. ‘थांबा’ची जागा ‘थ्’ आणि दोन कानांनी घेतली होती. कारण कृतिदेवमध्ये मोठा एफ म्हणजे अर्धा थ्, आणि त्याला के जोडला की तो पूर्ण थ होतो. इथला के हा काना नाही, ती थ ची दांडी आहे. मी एकेका अक्षराची अदलाबदल करत होते, म्हणून दांडीचा काना झाला. उपाय: कोशातल्या नोंदी लांबीने लावायच्या, लांब आधी. दोन अक्षरांची जोडी आधी बदलली की सुटं अक्षर तिच्यात लुडबुड करत नाही. सॉर्ट या आज्ञेला ‘लांबीने, उतरत्या क्रमाने’ एवढं सांगायचं. एक ओळ.

खरी मजा वेलांटीत आली. ऱ्हस्व वेलांटी आपण लिहितो अक्षराच्या आधी आणि उच्चारतो नंतर. टाइपरायटर डोळ्याचं ऐकतो: आधी वेलांटी, मग अक्षर. युनिकोड कानाचं ऐकतं: आधी अक्षर, मग वेलांटी. म्हणजे प्रत्येक वेलांटी उचलून पलीकडे ठेवायला हवी. पर्लमध्ये यासाठी शोध-बदल आहे. शोधायचा पॅटर्न मी लिहिला

ि(.)

म्हणजे वेलांटी आणि तिच्यापुढचं कुठलंही एक चिन्ह. कंसात जे सापडतं ते पर्ल ‘डॉलर एक’ या नावाने हातात देते. बदलताना म्हटलं, आधी डॉलर एक, मग वेलांटी. ‘हित’ नीट आलं, ‘किती’ नीट आलं. ‘स्थिती’ फुटलं. वेलांटी स वर जाऊन बसली आणि थ पोरका झाला. अर्थात! स्थि मध्ये वेलांटीला अर्धा स् ओलांडून थ च्याही पलीकडे जायचंय. काकांनी पॅटर्न सांगितला नाही, एवढंच विचारलं: “वेलांटीच्या पुढे काय काय येऊ शकतं, मराठीत सांग.” मी म्हटलं, शून्य किंवा कितीही अर्धी व्यंजनं आणि शेवटी एक पूर्ण व्यंजन. “मग तेच लिही.”

ि((?:[क-ह]्)*[क-ह])

चौकोनी कंसात क ते ह, म्हणजे कुठलंही व्यंजन. त्याला हलन्त. ते कितीही वेळा, हे तारा सांगतो. शेवटी एक व्यंजन. प्रश्नचिन्ह आणि अपूर्णविराम आत्ता विसरा, त्याचा अर्थ एवढाच की हा कंस फक्त बांधायला आहे, हातात द्यायला नाही. हा पॅटर्न पाहून दादा म्हणाला, हेच ते मांजर. पण वाक्य मराठीत सांगून झाल्यावर तुम्हीच बघा, त्यात एकही पाऊल भलतीकडे पडलेलं नाही. पायथनमध्येही हाच पॅटर्न लागला असता, जवळजवळ अक्षरशः. दादानेच ते घरी करून दाखवलं. असे पॅटर्न पर्लच्या आधीपासूनचे आहेत, पण आज बाकीच्या भाषांत त्यांची जी बोली चालते ती मुख्यतः पर्लच्या वळणाची.

रफाराचं वेलांटीच्या उलट. लिहितो डोक्यावर, म्हणून टायपिंगमध्ये तो सगळ्यात शेवटी येतो, मात्रेच्याही नंतर. सूर्य मध्ये स, ऊकार, य, मग रफार. युनिकोडमध्ये र् हा य च्या आधी हवा. तो पॅटर्न उलटा लिहायचा. वरचा समजला असेल तर तुम्ही लिहाल. लिहून बघा आणि मला दाखवा.

इथवर यंत्राचं काम होतं. यानंतर अडलं ते मराठीवर. आपल्याकडे र चे दोन अर्धे प्रकार आहेत: ‘सूर्य’मधला डोक्यावरचा रफार आणि ‘दुसऱ्या’मधला आडवा, पापणीसारखा. अंक टंकणाऱ्या दादांची सवय हिंदीची, हिंदीत हा पापणीवाला र लागत नाही. त्यांनी सरसकट रफारच दिला, आणि आमच्याही तेव्हाच्या संपादकांनी तपासताना तो सोडून दिला. त्यामुळे दुसर्या, तिसर्या, वार्यावर, पायर्या, तर्हा. मी हुशारी केली. य आणि ह च्या आधीचा प्रत्येक रफार बदलून पापणी लावली. एका आज्ञेत नऊ अंक. मग अनुक्रमणिका उघडली तर ‘काऱ्यक्रम’, ‘आचाऱ्य’, ‘सूऱ्य’. मूळ फाइल मी जपून ठेवली नव्हती. सीडी पुन्हा काढावी लागली. तेव्हा पहिला धडा हा घ्या की मूळ फाइलला हात लावायचा नाही, निकाल नेहमी वेगळ्या फाइलीत.

काका म्हणाले, “आधी मोज, मग बदल.” कोशाचा हा दुसरा उपयोग, आणि माझ्या मते पर्लमधली सगळ्यात कामाची गोष्ट. डावीकडे शब्द, उजवीकडे तो किती वेळा आला. रफार आणि य किंवा ह असलेला प्रत्येक शब्द दिसला की त्याच्यासमोरचा आकडा एकने वाढवायचा. सहा ओळींचा प्रोग्राम. यादी छापून आम्ही दोघी जमिनीवर बसलो आणि पेन्सिलीने खुणा करत गेलो. करता करता नियम दिसायला लागला: मूळ शब्द रा किंवा री ने संपत असेल आणि त्याचं सामान्यरूप किंवा अनेकवचन होत असेल तर पापणी. दुसरा-दुसऱ्या, वारा-वाऱ्यावर, पायरी-पायऱ्या. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द रफार ठेवतात: कार्य, पर्याय, मर्यादा. व्याकरणाच्या पुस्तकात हे असेलच. पण पेन्सिलीने सापडलेला नियम विसरत नाही.

काही शब्द उरले जे दोन्हीकडे जातात. ‘भार्या’ म्हणजे पत्नी, ‘भाऱ्या’त म्हणजे मोळीत. एका सहलीच्या वर्णनात ‘आचार्यांना नमस्कार करून पंगतीला बसलो’ असं होतं; पंडित की स्वयंपाकी, देव जाणे. अशा जागांसाठी काकांनी %अपवाद नावाचा वेगळा कोश करायला लावला. त्यात अंक, ओळ आणि हवं ते रूप माणसाने वाचून भरायचं. प्रोग्राम आधी अपवाद पाहणार, मग नियम.

याच सुमारास दादाला एक शनिवार मिळाला आणि त्याने हिशेब चुकता केला. अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे देवनागरीत होते, मला बेरीज हवी होती. पर्लला पॅटर्नने विचारलं, ‘१२’ हा अंक आहे का? म्हणाली, आहे. मग यात तीन मिळव. उत्तर तीन. ‘१२’ची किंमत तिने शून्य धरली होती! ओळखते अंक म्हणून, पण हिशेबात धरत नाही. इंग्रजी आकड्यांत बदलून घ्यायला ‘टीआर’ची एक ओळ लागते, ती मला तेव्हा माहीत नव्हती. दादाने पायथनमध्ये इंट असं लिहून ‘१२’ दिला, तिने सरळ बारा मानले. काका खूप हसले, म्हणाले, अनुक्रमणिका तुझी, तिथे पायथनच लाव. त्यामुळे आमच्या फोल्डरमध्ये आज दोन्ही आहेत.

अकारविल्हे लावतानाही एक खाच आहे, थोडक्यात सांगते. नुसतं सॉर्ट केलं तर युनिकोडच्या क्रमांकाने लागतं, तिथे ळ हा ल च्या लगेच नंतर. शाळेच्या तक्त्यात तो ह च्या नंतर. पर्लबरोबर येणाऱ्या ‘युनिकोड कोलेट लोकेल’ या मॉड्यूलला मराठी सांगितलं की आपला क्रम मिळतो.

आता आजीचा लेख. तिचं माहेर देवगडचं, पण वडील वनखात्यात. सातव्या वर्षी त्यांच्या बदलीबरोबर ती बैतूलला आली आणि मग कायमची इकडचीच झाली. लेख बालपणावर आहे. त्यात छापलेलं वाक्य असं: ‘त्या दर्यात माझं अर्धं बालपण राहिलं, उरलेलं अर्धं घेऊन मी इकडे आले.’ प्रोग्रामने ते नेमकं बाजूला काढलं. दर्या म्हणजे समुद्र. दऱ्या म्हणजे सातपुड्यातल्या. ‘तो दर्या’ किंवा ‘त्या दऱ्या’ असतं तर शेजारच्या शब्दावरून कळलं असतं, पण सामान्यरूपात दोन्हीकडे ‘त्या’च येतं. राहिला अनुस्वार. ‘दऱ्यांत’वर तो हवा, आणि टायपिंगमध्ये अनुस्वार तर पानागणिक गळलेत.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, “दऱ्याच असणार. आई समुद्राचं नाव कधी काढायची नाही.” मी अपवादांच्या कोशात ‘दऱ्यांत’ भरलं, अंक तयार झाला, बाबांनी फोनवर वाचलाही. काकांनी मात्र सुचवलं की कच्चं हस्तलिखित कोणाकडे असेल तर बघून घे, प्रोग्राम काय, पुन्हा चालवता येतो.

वह्या आत्याकडे इंदूरला होत्या. तिने शोधायला आठवडा घेतला आणि परवा रात्री पानाचा फोटो पाठवला. निळी शाई, आजीचं बारीक अक्षर. त्याच पानावर ‘दुसऱ्या’ आणि ‘पायऱ्या’ आहेत, दोन्हीकडे पापणी स्पष्ट. आणि खालून चौथ्या ओळीत रफार. अनुस्वार नाही. ‘दर्यात’.

मी फोटो बाबांना दाखवला. ते बराच वेळ मोठा करून बघत होते, मग म्हणाले, “देवगडला आम्हाला एकदाही नेलं नाही तिने.”

कोशातली ती नोंद काढली आणि २००६चा अंक पुन्हा चालवला. फर्स्ट इयरच्या मुलीला हवा होता म्हणून प्रोग्राम मंडळाच्या संगणकावर ठेवलाय, ‘रफार’ नावाच्या फोल्डरमध्ये. २००९च्या अंकातले आचार्य अजून ठरलेले नाहीत. त्या सहलीला गेलेलं कोणी हे वाचत असेल तर कळवा.